कर्ता नसलेला प्रदूषणाचा लेख

मुक्त ज्ञानकोशासाठी 'प्रदूषण' या विषयावर मराठीत लेख तयार करायचं काम आमच्या पाच-सहा जणांत सुरू आहे. मसुदा सगळ्यांकडे फिरतोय, आणि गेले पंधरा दिवस त्यावरून जो वाद चाललाय तो भलत्याच जागी अडकलाय असं माझं मत आहे. एक बाजू म्हणते मसुदा इतका कच्चा आहे की काढूनच टाका, मराठीची लाज जाते. दुसरी म्हणते असू दे की, काहीच नसण्यापेक्षा बरा, शुद्धलेखन तेवढं तपासा. तिसऱ्यांचं भांडण शब्दांवर, 'ऑक्सिजन' लिहायचं की 'प्राणवायू'. या सगळ्या गडबडीत मसुद्यात लिहिलंय काय हे कोणी बघतच नाहीये. मी तो तीनदा वाचला, आणि एवढ्या मोठ्या लेखात कोण, कुठे, किती या तीन साध्या प्रश्नांची उत्तरं मला एकदाही सापडली नाहीत. 'प्रदूषण होते', 'नद्या दूषित होतात', 'हवेची गुणवत्ता खालावते', 'ध्वनिप्रदूषणात वाढ झाली आहे'. व्याकरणाने बघितलं तर या वाक्यांना कर्ता आहे, अर्थाने बघितलं तर नाही. नदी कशी काय आपोआप दूषित होईल? माझं म्हणणं एवढंच आहे की मसुदा सुधारायचा तर आधी त्यात कर्ता आणा आणि त्याच्या शेजारी माप आणा, वेलांट्या आणि परिभाषा नंतर बघू.

मसुद्यातलं एक वाक्य घेऊ. 'सांडपाणी व औद्योगिक कचऱ्यामुळे नद्यांचे पाणी प्रदूषित होऊन जलचर प्राणी मृत्युमुखी पडतात.' वाक्यात खोटं काही नाही, शाळेच्या निबंधात याला पूर्ण मार्क मिळतील. पण हे वाचून कोणाला काय कळलं? मी बीएस्सीला असताना आमच्या सरांनी एकदा पंचगंगेचं पाणी आणायला पाठवलं होतं, एप्रिल महिना होता, एक बाटली प्रयाग चिखलीच्या संगमाजवळची आणि एक खाली शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याची. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तपासायची जुनी पद्धत आहे, काठावरच बाटलीत आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कलाइन आयोडाइड घालायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. चिखलीच्या बाटलीत तसाच बसला, चहाच्या चोथ्यासारखा. तेरवाडच्या बाटलीत साका बसला तो पांढरा. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाही, किंवा जवळजवळ नाही. समोर बंधाऱ्याला टेकून मासे पोट वर करून पडलेले, काही अजून जिवंत, तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होते. काठावर एक आजोबा उभे होते, ते आम्हाला म्हणाले, "पोरांनो, कुणीतर इख टाकलंया बघा." आम्हालाही तेव्हा तसंच वाटलेलं. पण बाटली सांगत होती ते वेगळंच होतं, ते मासे गुदमरत होते.

हे कसं होतं ते ज्ञानकोशाने सांगायला नको का? सांडपाण्यात जे सेंद्रिय पदार्थ असतात ते पाण्यातले जिवाणू खातात, खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, आणि घाण जितकी जास्त तितका ऑक्सिजन जास्त लागतो. या मागणीलाच बीओडी म्हणतात. आपल्याकडच्या उन्हाळी पाण्यात मुळात लिटरला साडेसात-आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, त्याहून जास्त नाही. नदीत अंघोळ करायची तर बीओडी ३ मिलिग्रॅमच्या आत आणि ऑक्सिजन किमान ५ हवा असा आपला निकष आहे. शहराच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारण २००-३०० असतो. आणि साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून जे स्पेंटवॉश निघतं, ज्याला आपल्याकडे बातम्यांत सरसकट मळीमिश्रित पाणी म्हणतात, त्याचा प्रक्रिया न करता ४०-५० हजार. हे तीन आकडे शेजारी ठेवले की कोणाही माणसाला न सांगता कळतं की एक टँकर रात्री ओढ्यात सोडला तर काय होत असेल. त्यात उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, पाणी तुंबतं, वरून कोल्हापूरच्या जयंती नाल्याचं आणि इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याचं पाणी येत राहतं, आणि बरगे काढले की ते सगळं काळं पाणी एकदम खालच्या गावांच्या दाराशी. म्हणजे मसुद्यातल्या त्या एका वाक्याच्या जागी असं लिहिता येतं: 'कोल्हापूर शहर आपलं सांडपाणी आणि इचलकरंजीतले कापड रंगवणारे प्रोसेसर्स आपलं रंगीत पाणी पुरेशी प्रक्रिया न करता पंचगंगेत सोडतात; उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे तुंबलेल्या या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरून मरतात.' वाक्य लांब झालं हे मान्य, पण आता त्यात माणसं आहेत, जागा आहे, ऋतू आहे, आणि कारण आहे.

यावर पहिला आक्षेप आला तो असा की 'वाढती लोकसंख्या हे मूळ कारण' असं मसुद्यात लिहिलंय ना, मग अजून काय कर्ता पाहिजे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी आधी मान्य करतो. आपल्या नद्यांमध्ये जी सेंद्रिय घाण आहे तिचा मोठा भाग कारखान्यांचा नसून तुमच्या-माझ्या संडास-बाथरूमचाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये दिलेल्या हिशेबाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रक्रिया करायची उभारलेली क्षमता आहे ३१,८४१ दशलक्ष लिटरची, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती त्याहूनही कमी. पण हेच आकडे नीट बघा. लोकसंख्या सांडपाणी तयार करते हे खरं, ते प्रक्रियेशिवाय नदीत सोडायचं की नाही हे लोकसंख्या ठरवत नाही, ते नगरपालिका, महापालिका आणि त्यांना पैसे देणारं सरकार ठरवतं. आणि चंद्रपूरचं काय? २००९ साली औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा ७० च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित असा निकष होता, आणि चंद्रपूरला मिळाले होते ८३.८८, देशात चौथा नंबर. चंद्रपूरची लोकसंख्या पुण्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिथे २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत, आपल्या कोळशात ३०-४० टक्के राखच असते, सिमेंटचे कारखाने आहेत. ती वीज जाते कुठे? राज्यभर, माझ्या घरातही. म्हणजे 'लोकसंख्या' हा शब्द लिहिला की चंद्रपूरच्या माणसाच्या छातीतली धूळ त्याच्याच माथी मारल्यासारखं होतं. हे मला अजिबात पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो घेणारी माणसं प्रामाणिक आहेत. ते म्हणतात ज्ञानकोश तटस्थ असावा, कोणी केलं हे लिहायला लागलो की तो आंदोलनाचा पत्रक होतो, शिवाय उद्या कोणी नोटीस पाठवली तर? कबूल, लेखात कंपन्यांची नावं घेऊन खटला चालवायचा नाहीये, 'प्रदूषण' या सर्वसाधारण लेखात तर नाहीच. पण तटस्थपणा म्हणजे कर्ता पुसणं, हे कुठून आलं? जे सरकारी मंडळाच्या अहवालात, हरित लवादाच्या निकालात नोंदलेलं आहे ते लिहिणं ही तटस्थताच आहे. मंडळाच्याच २०२२ च्या यादीत देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित आहेत आणि त्यातले सर्वात जास्त, ५५, महाराष्ट्रातले आहेत. हे लिहिलं तर पक्षपात, आणि 'काही राज्यांत नद्या प्रदूषित आहेत' असं लिहिलं तर तटस्थ? उलट कर्ता वगळल्याने कोणाची बाजू घेतली जाते ते जपानमधल्या मिनामाताकडे बघून कळतं. तिथल्या कोळ्यांच्या घरांत मुलांना झटके यायला लागले, मांजरं नाचल्यासारखी करून समुद्रात पडायला लागली, १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली, आणि नाव काय पडलं? 'विचित्र रोग'. रोगाला नाव मिळालं आणि करणारा वाक्यातून गायब झाला. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्येच सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं होतं, पण कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्यामुळे हे झालं असं जपान सरकारने अधिकृतपणे म्हटलं ते १९६८ मध्ये. १९५६ पासूनची ही बारा वर्षं आजारी लोकांना शेजारी दारात उभं करत नव्हते, हा संसर्ग आहे असं समजून. त्या बारा वर्षांत कोणी 'खाडीतले पाणी दूषित होऊन रोग उद्भवतो' असं तटस्थ वाक्य लिहिलं असतं तर ते व्याकरणाने शुद्ध आणि खाडीकाठच्या माणसाच्या काहीच उपयोगाचं नसतं.

आता तिसरा आक्षेप, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा हाच होता. 'आपण सर्वच जबाबदार आहोत, मग एकाला कर्ता कसं म्हणायचं?' मसुद्याचा शेवटचा पूर्ण विभाग याच सुरात आहे, आपण सर्वांनी झाडे लावली पाहिजेत, आपण सर्वांनी वाहने कमी वापरली पाहिजेत. हे खरंही आहे एका अर्थी. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनमध्ये जे धुरकं पसरलं, ज्यात सुरुवातीच्या अंदाजाने ४ हजार आणि नंतरच्या अभ्यासाने १२ हजारांच्या आसपास माणसं गेली, तो धूर फक्त वीज केंद्रांचा नव्हता, घराघरातल्या कोळशाच्या शेगड्यांचाही होता. म्हणजे तिथे खरोखरच 'आपण सर्व' होतं. मग त्यांनी काय केलं? थंडी संपेपर्यंत माणसं मरतच राहिली तेव्हा सरकारी यंत्रणेने आधी इन्फ्लुएंझावर ढकललं, म्हणजे परत कर्ता पुसला. पण शेवटी १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, त्यात धूरबंदीचे भाग ठरवायची सोय केली, कुठलं इंधन चालेल ते ठरलं, आणि लोकांना शेगड्या बदलायला अनुदान दिलं. 'सर्वांनी' हा शब्द मोडून त्यातून शेगडी, कोळसा, गल्ली आणि खर्च कोण देणार हे बाहेर काढलं तेव्हा धूर कमी झाला. लंडनकरांनी धूर कमी करावा असं आवाहन त्याआधी काय कमी वेळा झालं असेल?

आणि कर्ता लिहिणं म्हणजे आरोप करणं असंही नाही, इथे माझ्या बाजूच्या लोकांचंही चुकतं. मसुद्यात हवेच्या प्रदूषणात वाहनं आहेत, कारखाने आहेत, फटाके आहेत, पण चूल नाही. चुलीचा एक शब्द नाही! माझी आजी आयुष्यभर चुलीवर रांधत होती, पावसाळ्यात ओल्या काटक्या धुमसायच्या, ती फुंकणी घेऊन वाकायची, फुंकर मारायची, खोकायची, परत फुंकायची, पदराने डोळे पुसायची. स्वयंपाकघराच्या आढ्याला काजळीचे घोस लोंबायचे, ते दिवाळीच्या आधी आम्ही केरसुणीने काढायचो तेव्हा नाकातून दोन दिवस काळं यायचं. तिने कधी बिडीला हात लावला नव्हता आणि म्हातारपणी तिला दम लागायचा तो बिड्या ओढणाऱ्या आजोबांपेक्षा जास्त. इथे धूर करणारी कोण? आजीच. तिला कोणी गुन्हेगार म्हणेल का? पण चूल, ओलं सरपण, खिडकी नसलेली खोली आणि तीन-चार तास तिच्यासमोर बसणारी बाई, हे लिहिल्याशिवाय घरातल्या हवेचं प्रदूषण कोणाला कळणार नाही आणि २०१६ ला उज्ज्वला योजना का आणली, सिलिंडर परवडेनासा झाला की बायका परत चुलीकडे का वळतात, तेही कळणार नाही. कर्ता लिहिला की त्याची अडचणही लिहिता येते, 'आपण सर्व' लिहिलं की दोन्ही जातं.

एक सूचना अशी आहे की हे सगळं कशाला, इंग्रजी लेख सरळ भाषांतर करून टाकू, तो चांगला तपासलेला आहे. भाषांतराला माझा विरोध नाही. रसायनशास्त्र काही कोल्हापूरला वेगळं आणि लंडनला वेगळं नसतं, व्याख्या, प्रकार, मोजमापं तिकडून घ्यायला काय हरकत? पण ज्ञानकोशाचं मराठीतलं घराणं बघा. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हा त्यांच्यासमोर तयार इंग्रजी ज्ञानकोश होतेच, ते स्वतः अमेरिकेत कॉर्नेलला शिकून आलेले, भाषांतर करून टाकणं त्यांना सर्वात स्वस्त पडलं असतं. त्यांनी २३ खंडांची सुरुवात प्रस्तावनाखंडांनी केली आणि त्यातल्या पहिल्याचं नाव ठेवलं 'हिंदुस्थान आणि जग'. आपण कुठे उभे आहोत आणि तिथून जग कसं दिसतं, हे आधी. आपल्या प्रदूषणाच्या लेखात हेच पाहिजे. कायद्यांच्या विभागात मसुदा १९७४ च्या केंद्रीय जल कायद्यापासून सुरू होतो आणि मग भोपाळ, मग १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, कारण भाषांतर तिथून केलंय. पण महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता, आणि राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० च्या सप्टेंबरात स्थापन झालं, केंद्राच्या कायद्याच्या चार वर्षं आधी. हे मराठी लेखात नाही तर कुठे असणार? आणि याने अभिमान वाटून घ्या असंही मी म्हणत नाही, उलट पन्नास वर्षांहून जुनं मंडळ असून ५५ पट्टे कसे, हा प्रश्न वाचकाला आपला आपण पडेल.

तसंच पाण्याच्या वाटेचं. आषाढीला पालखी आळंदीहून पंढरपूरला निघते. आळंदीचं पाणीही पंढरपूरलाच जातं, फक्त वेगळ्या वाटेने. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पुढे पुण्याचं सगळं घेऊन मुळा-मुठा येऊन मिळते, ते सगळं उजनीच्या जलाशयात साठतं, उजनीवर सोलापूर पाणी पितं, आणि उजनीतून सुटलेली भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. आळंदीच्या घाटाजवळ साबणासारखा पांढरा फेस वाहताना दरवर्षी फोटोत दिसतो, त्यातच वारकरी स्नान करतात, हे बघून मनात कालवाकालव होते. नदीचं प्रदूषण म्हणजे वरच्याने खालच्याच्या दारात टाकणं, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा या एका वाटेवरून मराठी माणसाला जास्त लवकर कळेल. इंग्रजी लेखात ही वाट नाही आणि नसणारच, त्यांच्या वाचकाला तिचं काय?

आकड्यांबद्दल एक वेगळी तक्रार. मसुद्यात जिथे आकडे आहेत तिथे ते उघडे आहेत. 'मुंबईचा एक्यूआय १७०' असं लिहिलंय, एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, पण हा कधीचा? सकाळचा की डिसेंबरचा की वर्षाचा? असा आकडा नसलेला परवडला. त्यापेक्षा पट्टी द्या. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, केसाची जाडी ५०-७० मायक्रॉन धरली तर त्याच्या वीस-पंचवीसाव्या भागाइतके, त्यामुळे ते नाकात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या २००९ च्या मानकाप्रमाणे चोवीस तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, वर्षाची ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी चोवीस तासांना १५ आणि वर्षाला ५. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे, आपल्या एक्यूआयमध्ये पीएम २.५ साठापर्यंत असेल तर हवेला 'समाधानकारक' म्हणतात, म्हणजे जी हवा मोबाइलवर हिरवट रंगात समाधानकारक दिसते ती तिकडच्या पातळीच्या चौपट असू शकते. कोणी म्हणेल त्यांची पातळी आपल्याला शक्य नाही, आपल्याकडे धूळच जास्त, आणि त्यांची ती शिफारस आहे, कायदा नाही. बरोबर आहे, तेही लिहा. पण दोन्ही आकडे शेजारी हवेत. आवाजाचंही तेच, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० च्या नियमांतली मर्यादा आहे, पण डेसिबल दहाने वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते हे सांगितलं नाही तर वाचकाला ५५ आणि ९५ मध्ये दुप्पटही फरक वाटत नाही.

शब्दांच्या भांडणावर मी फार वेळ घालवणार नाही. वाईला विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हातात घेतलं तेव्हा १९७६ ला पहिला खंड यायच्या आधीच परिभाषा संग्रह काढला होता, तो कष्टाचा ठेवा आहे आणि तो वापरायला हवा. 'धुरके' हा शब्द किती छान आहे, धूर आणि धुकं एकत्र, तो सोडून 'स्मॉग' कशाला? पण 'जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी' असं लिहून पुढे गेलो तर कोणालाच काही कळत नाही, आणि इचलकरंजीतला माणूस, शिरोळचा शेतकरी, महापालिकेचा ज्युनियर इंजिनियर हे सगळे 'बीओडी' च म्हणतात. एकदा मराठी शब्द द्या, लगेच दोन वाक्यांत समजावून सांगा, मग सगळीकडे बीओडी म्हणा. बरगे, मळी, जलपर्णी, काजळी हे शब्द मात्र आलेच पाहिजेत, या गोष्टी आपल्या लोकांनी बघितल्यात म्हणून तर त्यांना शब्द आहेत.

राहिलं 'काहीच नसण्यापेक्षा बरा' हे. मला ही भूमिका समजते, मराठीत लिहिणारे हात मोजके आहेत, जो लिहितो त्याला नाउमेद करू नये, आणि ज्याने हा मसुदा लिहिलाय त्याने रात्री जागून लिहिलाय हे मला माहितीये. मसुदा काढून टाका म्हणणाऱ्यांच्या मी साफ विरोधात आहे. पण माझी भाची आठवीत आहे, तिला शाळेत प्रदूषणावर प्रोजेक्ट होतं, तिने कुठूनतरी उतरवून आणलेलं मी वाचलं आणि ते जवळजवळ शब्दशः आपल्या मसुद्यासारखंच होतं, नद्या प्रदूषित होतात, आपण झाडे लावली पाहिजेत. तिच्या घरापासून नदी दहा मिनिटांवर आहे. मी विचारलं, "आपल्या नदीत काय येतं गं?" तर म्हणाली, "मामा, ते प्रोजेक्टमध्ये नव्हतं." काहीच नसतं तर ती कदाचित नदीवर जाऊन बघून आली असती.

पंचगंगेचा भाग मी लिहायला घेतलाय, येत्या रविवारपर्यंत देतो, प्रत्येक आकड्याशेजारी साल आणि कोणी मोजला ते घालून. चंद्रपूरचा भाग तिथे राहणाऱ्यानेच लिहावा, गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काय बसतं हे त्याला माहिती असतं. वालधुनी आणि उल्हास, तळोज्याची कासाडी या नद्या, लोटे औद्योगिक वसाहतीचं पाणी दाभोळच्या खाडीत जातं ते, आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याआधी येणारे डांबराचे गोळे, यासाठी कोणी आहे का सांगा. माझ्या भागात २०१२ ची इचलकरंजीची काविळीची साथ घ्यायची का यावर काल फोनवर एकाशी बोललो, तो म्हणाला तो आरोग्याचा विषय झाला. मी घेणार आहे, आणि 'साथ पसरली' एवढंच लिहून सोडणार नाही, सांडपाणी मिसळलेलं पाणी लोक प्यायले हे त्याच वाक्यात लिहिणार आहे.